मागून तरी बघ

डॉक्टर दत्ताराम शिर्के रोग्याची नाडी धरत, घड्याळाकडे बघत आणि दोन-चार ठोके पडले की विचारत, "पासपोर्ट किसके पास है?" दुखतंय कुठं, ताप कधीपासून, हे सगळं नंतर. रोगी बिहारचा असो, केरळचा असो की बांगलादेशचा, पहिला प्रश्न हाच. उत्तरही ठरलेलं असे, "कफील के पास." कफील म्हणजे ज्याच्या नावावर तुमचा व्हिसा असतो तो मालक. डॉक्टर मान हलवत आणि केसपेपरच्या अगदी तळाशी एक ओळ लिहीत. बाकीचा कागद इंग्रजीत, ही ओळ तेवढी मराठीत. 'पासपोर्ट मालकाकडे. तीन वर्षं घरी गेला नाही.' मग म्हणत, "हां, बोलो अब, क्या तकलीफ है."

मी हफ्र अल बातिनच्या त्या खासगी दवाखान्यात लॅब टेक्निशियन म्हणून रुजू झालो, तेव्हा नव्या माणसाची तपासणी म्हणून मलाही त्यांच्यासमोर बसवलं. सौदीच्या पार ईशान्येला, लष्करी छावणीच्या आधारानं वाढलेलं ते गाव. तिथं कुणी मराठी भेटेल असं मला वाटलंच नव्हतं. त्यांनी माझं नाव वाचलं आणि चष्म्यावरून बघितलं.

"परकार म्हणजे कुठले?"

"दापोली तालुका. दाभोळच्या जवळ."

"मी गुहागरकडचा. म्हणजे आपण खाडीला समोरासमोर. सकाळच्या फेरीबोटीनं तुमच्याकडची माणसं आमच्या बाजारात येतात." एवढं बोलून त्यांनी माझं मनगट धरलं. "पासपोर्ट कुठाय?"

"सकाळी ऑफिसात घेतला."

"कागदावर सही केलीस?"

"केली."

"वाचलास?"

"अरबीत होता."

"मीपण केली आहे, सोळा वर्षांपूर्वी. 'मी माझा पासपोर्ट स्वखुशीनं सांभाळायला देत आहे,' असं लिहिलेलं असतं त्यात. मला नंतर एकानं वाचून दाखवलं." मग त्यांनी माझ्या केसपेपरवर खाली काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, "नाडी ठीक आहे. जेवायला ये."

डॉक्टर दिसायला कायम नुकतेच झोपेतून उठल्यासारखे. दवाखाना दोन पाळ्यांत चाले, सकाळी आठ ते बारा आणि संध्याकाळी चार ते दहा. मधल्या वेळात खोलीवर न जाता ते तपासायच्या टेबलावरच आडवे होत, बूट काढून, पोटावर हात ठेवून. त्यांची बायको चिपळूणला शाळेत शिकवायची, मुलगी मुंबईला शिकत होती. दोन वर्षांसाठी आलेला माणूस सोळा वर्षं राहिला, ह्याचं कारण विचारलं तर म्हणत, "निघायचं म्हटलं तरी उठावं लागतं रे." डब्यातल्या नारळाच्या दुधाची आणि घरून आलेल्या कोकमाच्या आगळाची सोलकढी ते झकास करत. मी बाजारातून मासे आणून तळायचो. जेवताना ते फार बोलत नसत. मी म्हणायचो, डॉक्टरसाहेब, तुम्ही थकलेले दिसता. त्यावर त्यांचं एक ठरलेलं होतं. "थकलेल्या डॉक्टरला रोग्याचं ऐकू येतं. ताज्या डॉक्टरला स्वतःचंच."

आमचा मालक वाईट माणूस नव्हता. हिवाळ्यात पाऊस झाला की वाळवंटात जमिनीखाली फगा येतो, बटाट्यासारखी गोल अळंबी, तिकडं त्याची फार अपूर्वाई. मालक दरवर्षी स्वतः वाळवंटात जाऊन तो खणून आणायचा आणि टोपलीभर डॉक्टरांना पाठवायचा. डॉक्टर त्याची मोहरी घालून भाजी करत. ह्याच मालकाच्या खोलीत राखाडी रंगाचं लोखंडी कपाट होतं आणि त्यात आम्हा सगळ्यांचे पासपोर्ट होते. रजेवर जाताना मिळायचे, परत आल्यावर द्यायचे. आम्हाला त्यात काही विशेष वाटत नसे. मला तर नाहीच वाटलं.

"कायद्यानं तो आपला आपल्याकडं पाहिजे," डॉक्टर म्हणत. "इथलाच कायदा आहे, माझा नाही."

"मग तुम्ही का नाही मागत?"

"तेच तर. प्रत्येकाला सांगतो, मागून तरी बघ. स्वतः मागत नाही."

एकदा त्यांनी मला एका अमेरिकन डॉक्टरची गोष्ट सांगितली. कॉलेजात असताना ग्रंथालयातल्या कुठल्याशा जुन्या पुस्तकात वाचलेली. दीड-पावणेदोनशे वर्षांपूर्वीचा माणूस, घोड्यावर बसून खेड्यापाड्यांत औषधं देत फिरणारा. गुलाम आजारी पडले की मालक त्याला बोलवायचे. तो त्यांना बरं करायचा आणि बरे झाले की ते परत कामाला. एक दिवस त्यानं औषधांची पिशवी ठेवून दिली आणि गुलामी बंद करा म्हणत निवडणुकीला उभा राहिला.

"निवडून आला?"

"पडला. मग परत उभा राहिला."

"नाव काय त्याचं?"

"विसरलो. पडला होता, तेवढं लक्षात आहे."

मी म्हटलं, आपण काय गुलाम आहोत का? मला त्या शब्दाचा रागच आला होता. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "आपण नाही. आपल्याला पगार आहे, दोन वर्षांनी तिकीट आहे. पण आपल्याकडं वाळवंटातनं येतात ना, त्यांतल्या काहींना दोन्ही नाही. त्यांना काय म्हणायचं ते तूच सांग." ते टेबलावर आडवे झाले. "मी त्यांना बरं करतो आणि परत पाठवतो, परकार. मला झोप लागत नाही ती ह्यामुळं. नाहीतर टेबल काही वाईट नाही."

मला तिथं तीन वर्षं होत आली होती आणि ते दिवस सौदीकरणाचे होते. कुठल्या कामावर किती सौदी माणसं हवीत ह्याचे नियम येत होते, कंपन्यांना लाल, पिवळे, हिरवे असे रंग दिले जात होते. आमच्याकडं आधी रिसेप्शनवरचा केरळचा शाजी गेला. त्याच्या जागी नायफ नावाचा सौदी तरुण आला. उशिरा यायचा, फोनवर बोलत बसायचा आणि आम्ही त्याच्यावर मनातून जळायचो. पुढचा नंबर लॅबचा, असं सगळे म्हणत होते. माझं नुकतंच घराचं काम काढलेलं, धाकटीची शाळा सुरू झालेली. मालक समोर दिसला की माझी मान आपोआप खाली जायची.

अशात गंगाधर आला. नांदेडच्या बाजूचा, किनवटपलीकडच्या एका वाडीतला. शहरापासून दोन तासांवर वाळवंटात शेळ्या आणि उंट राखायचा. कफीलच्या पिकअपमधून त्याला आणून दारात उतरवलं तेव्हा त्याला धड उभं राहता येत नव्हतं. डॉक्टरांनी मनगट धरून नेहमीचा प्रश्न हिंदीत विचारला. त्यानं नाव सांगितलं, गाव सांगितलं आणि डॉक्टर मराठीत बोलायला लागल्यावर तो रडायलाच लागला.

"सात वर्ष झाले साहेब. लेकीचं लगीन झालं, म्या फोनवर बघितलं. इकामा पाच वर्षाखाली संपलाय, नवा केलाच नाई. पासपोर्टचं तोंड बघितलं नाई तवापासून."

इकामा म्हणजे राहण्याचा परवाना. तो नाही आणि पासपोर्टही नाही, म्हणजे हा माणूस कागदावर कुठंच नव्हता. मी त्याचं रक्त तपासलं. माल्टा ताप निघाला, जनावरांचं कच्चं दूध पिऊन होतो तो. औषध सहा आठवड्यांचं. कफीलच्या ड्रायव्हरला घाई होती. डॉक्टरांनी त्याला समोर बसवून गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, दर आठवड्याला ह्याला इथं आणायचं, रक्त तपासायचं, नाहीतर हा ताप मालकाच्या घरातही जाईल. दर आठवड्याला रक्त तपासायची काही गरज नसते, हे मला माहीत होतं. ड्रायव्हर गेल्यावर मी डॉक्टरांकडे बघितलं.

"आठवड्यातून एकदा माणूस माणसांत येईल," ते म्हणाले. "तेवढ्यात काही सुचतंय का बघू."

दोन आठवडे काहीच सुचलं नाही. गंगाधर यायचा, मी थोडं रक्त काढायचो, डॉक्टर त्याला आपल्या डब्यातला भात खायला घालायचे. तिसऱ्या आठवड्यात डॉक्टर त्याला समजावत होते की पासपोर्ट तुझा आहे, कामगार कार्यालयात अर्ज करता येतो, मागून तरी बघ. गंगाधर ऐकत होता. त्याच्या मनात काही खोट नव्हती, त्यानं सहज विचारलं, "साहेब, तुमचा कुठाय?"

डॉक्टरांच्या हातात त्याचं मनगट तसंच राहिलं. मी सुई हातात घेऊन उभा होतो. मग डॉक्टर म्हणाले, "माझा कपाटात आहे रे." आणि केसपेपरवर त्या दिवशी त्यांनी खाली काही लिहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मालकाच्या खोलीत गेले आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदा आपला पासपोर्ट मागितला. मालक आधी हसला. मग त्याला वाईट वाटलं. एवढ्या वर्षांत मी तुला काही कमी केलं का, माझ्यावर भरवसा नाही का, असं म्हणाला. रजेवर जाशील तेव्हा देईन, खलास. डॉक्टर बाहेर आले ते थेट रिसेप्शनवर गेले आणि नायफच्या शेजारी स्टूल ओढून बसले. मला वाटलं, झालं, आता हा पोरगा आत जाऊन सगळं सांगणार.

नायफनं गंगाधरचं सगळं ऐकून घेतलं. त्यानं फोन खाली ठेवला, हे मी पहिल्यांदाच बघितलं. मग म्हणाला, अर्ज अरबीत लागतो, मी लिहितो. "हे हराम आहे," एवढंच तो दोनदा म्हणाला. चौथ्या आठवड्यात गंगाधर आला तेव्हा नमाजाच्या वेळी शटर अर्धं ओढलेलं होतं. नायफनं लिहिलेल्या अर्जावर गंगाधरनं अंगठा उठवला. ह्या माणसाकडे गेली पाच वर्षं परवाना नाही, पासपोर्ट नाही, हे मला त्याच्या तपासणीत कळलं, असं डॉक्टरांनी खाली लिहिलं आणि सही केली. पूर्ण नावानं, शिक्क्यासह. नायफ स्वतःच्या गाडीनं अर्ज देऊन आला.

पाचव्या आठवड्यात गंगाधरऐवजी त्याचा कफील आला. कामगार कार्यालयाची नोटीस त्याच्या हातात होती, डॉक्टरांच्या सहीच्या कागदासकट. तो मालकाच्या खोलीत तासभर ओरडत होता. तो गेल्यावर मालकानं मला आत बोलावलं. टेबलावर डॉक्टरांच्या केसपेपरची चळत होती आणि तिच्या शेजारी मंत्रालयातून आलेला एक कागद, सौदीकरणाच्या पदांचा. लॅब हा शब्द अरबीत कसा दिसतो ते मला एव्हाना माहीत होतं.

मालकानं पहिला केसपेपर पुढं सरकवला आणि तळाच्या ओळीवर बोट ठेवलं. "सदीक, ये क्या लिखा? कौन भाषा? तुम पढो." सदीक म्हणजे दोस्त, तो सगळ्यांनाच तसं म्हणायचा.

त्या अख्ख्या दवाखान्यात ती ओळ वाचू शकणारा डॉक्टरांशिवाय मी एकटा होतो. औषधाचं नाव आहे म्हणता आलं असतं. पथ्य लिहिलंय म्हणता आलं असतं. मी त्या दुसऱ्या कागदाकडं बघितलं आणि वाचायला लागलो. 'पासपोर्ट मालकाकडे. चार वर्षं रजा नाही.' 'पासपोर्ट मालकाकडे. आई वारली, जाऊ दिलं नाही.' एकेक ओळ वाचायची आणि मोडक्या अरबीत सांगायची. मालकाचा चेहरा उतरत गेला. त्यात त्याच्या ओळखीच्या लोकांची माणसं होती, त्याच्या भावाचा ड्रायव्हर होता, दवाखान्यातल्या नर्स होत्या. सगळ्यात खालचा केसपेपर माझा होता. त्यावर लिहिलं होतं, 'पासपोर्ट मालकाकडे. न वाचता सही केली. माणूस चांगला आहे.' तो मी वाचला नाही. ह्यात काही नाही, म्हटलं आणि बाजूला ठेवला.

डॉक्टरांना पंधरा दिवसांत घरी जायला सांगितलं. कायमचं. मालकानं निरोपाला खजुराची मोठी पेटी दिली आणि ती देताना त्याचे डोळे खरंच भरून आले होते. पासपोर्ट मात्र विमानतळावरच दिला, मंदूबच्या हातून. मंदूब म्हणजे कंपनीची सरकारी कामं करणारा माणूस.

गंगाधरचं काम झालं. अर्ज आधीच सरकारदरबारी पोचला होता, तो कुणाला मागं घेता येत नव्हता. त्याच सुमारास बेकायदा राहिलेल्यांना परत जायला सरकारनं मोहलत दिली होती, त्यात तो बसला. सहाव्या आठवड्यात तो स्वतःच्या पायांनी दवाखान्यात आला. पासपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्यानं बनियनच्या आत ठेवला होता. डॉक्टरांना दाखवायला काढला, परत आत ठेवला, पुन्हा काढला.

डॉक्टर निघायच्या आदल्या दुपारी मी त्यांच्या खोलीवर गेलो. जाऊ नये असंच वाटत होतं. ते बॅग भरत होते. मी दारातच उभा राहिलो. त्यांनी माझ्याकडं न बघता एका शर्टाची घडी केली आणि विचारलं, "परकार, माझं अक्षर लागलं का रे?"

मी चपला काढून दाराशी ठेवल्या.

"फार्मसीत कधीच कुणाला लागलं नाही, म्हणून विचारलं." मग आगळाची उरलेली बाटली त्यांनी माझ्या हातात दिली. "बस. भात लावलाय, खाऊन जा."

मी बसलो आणि खाल्लं. माफी मागायची राहिली. ती आजतागायत राहिलीच. आठ महिन्यांनी माझी जागाही गेली. मालक म्हणाला, सदीक, मी काय करू, नियम आहे. तो खोटं बोलत नव्हता. ज्या नोकरीसाठी मी वाचून दाखवलं, ती तशीही जाणारच होती. ओळखीनं मला जेद्दाला, बलद ह्या जुन्या बाजारपेठेत, हजच्या यात्रेकरूंच्या एका हॉटेलात काम मिळालं. पहिल्याच दिवशी तिथल्या मंदूबनं हात पुढं केला आणि मी पासपोर्ट दिला.

डॉक्टर गावी जाऊन दवाखाना काढतील असं मला वाटलं होतं. काढलाही, पण सहा महिन्यांनी त्यांचा फोन आला. "परकार, ग्रामपंचायतीला उभा राहिलो होतो. पडलो. त्या अमेरिकेवाल्यासारखा." आमच्या भागातून आखातात माणसं पाठवणारे दलाल त्यांच्याविरुद्ध घरोघर फिरले होते. पुढच्या खेपेला ते परत उभे राहिले आणि निवडून आले. मग त्यांनी एकच काम लावून धरलं. परदेशी जाणाऱ्या प्रत्येकानं निघण्याआधी पंचायतीत यायचं, करार मराठीत समजून घ्यायचा, पासपोर्टची एक झेरॉक्स तिथल्या कपाटात ठेवायची. खाडीच्या आमच्या बाजूची मुलंही फेरीनं त्यांच्याकडं जायला लागली. "हल्ली औषधं कमी आणि झेरॉक्स जास्त," ते फोनवर सांगत. आवाज तसाच, आत्ताच उठल्यासारखा. "माणसं कंटाळतात रे माझ्या चौकशीला. मीपण कंटाळतो. पण कपाट भरत चाललंय."

रजेवर आलो की मी त्यांना भेटायचो. शेवटचं भेटलो तेव्हा ते अंथरुणाला खिळले होते. काविळीसारखे पिवळे झाले होते, पोटात गाठ होती. वहिनींनी मला आत बसवलं. बोलता बोलता त्यांनी हात पुढं केला आणि माझं मनगट धरलं. घड्याळ हातात नव्हतं, तरी भिंतीकडं बघत ठोके मोजले.

"पासपोर्ट कुठाय?"

"माझ्याकडं आहे, डॉक्टरसाहेब." मी खिशातून काढून दाखवलासुद्धा.

"इथं तुझ्याकडं. तिथं?"

मी खाली बघितलं. त्यांनी मनगट सोडलं नाही. "मागून तरी बघ," म्हणाले आणि डोळे मिटले. मला वाटलं, आता माफी मागावी. तोवर त्यांना झोप लागली होती. वहिनी म्हणाल्या, राहू द्या, किती दिवसांनी निजलेत.

मी जेद्दाला उतरलो त्याच दुपारी घरून फोन आला. डॉक्टर सकाळी गेले. मी विमानतळावरून हॉटेलच्या गाडीत बसलेलो होतो, माझ्याबरोबर रजेवरून परतलेले आणखी तिघं होते. हॉटेलच्या मागच्या ऑफिसात मंदूब टेबलाशी होता. रीत ठरलेली. रांगेत जायचं, पासपोर्ट द्यायचा, वहीत सही करायची. माझा नंबर आला. त्यानं वर न बघता हात पुढं केला.

मी म्हटलं, "हा माझ्याकडं ठेवायचा आहे."

त्यानं वर बघितलं. आता नोकरी जाणार, असं वाटलं. ह्याच भीतीनं मी एका माणसाचं अक्षर वाचून दाखवलं होतं. मंदूबनं खांदे उडवले आणि म्हणाला, "तय्यब." ठीक आहे. आणि पुढच्या माणसाकडं हात केला.

एवढंच. मी बाहेर येऊन जिन्याच्या पायरीवर बसलो आणि रडलो. डॉक्टर गेले म्हणून रडलो आणि हे एवढंच होतं म्हणूनही. थोड्या वेळानं माझ्या मागं रांगेत असलेला सलीम बाहेर आला. उत्तर प्रदेशचा, स्वयंपाकघरात भांडी घासायचा.

"भाई, मैंने भी माँगा," तो म्हणाला. "मुझे नहीं दिया."

मी त्याला पायरीवर जागा करून दिली. त्या महिन्यात सलीमला पासपोर्ट मिळाला नाही. पुढच्या महिन्यात तो परत मागायला गेला, तेव्हा मी त्याच्याबरोबर गेलो.